एकोणीस, आणि न कळवलेले

प्रिय थर्मन,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच खणात टाकलं असतंस, म्हणून पत्ता डॅडींकडून लिहून घेतलाय. हात कापतो त्यांचा, तरी ‘डेट्रॉइट’ बघ कसं झोकात लिहिलंय. तेव्हा राग गिळ, खुर्चीत नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन करून भांडायचं नाही, सांगून ठेवते.

ममाचं दफन करून आपण चर्चच्या हॉलमध्ये जेवायला बसलो, तेव्हा तू सगळ्यांसमोर ओरडलास, ‘दगडावर एकशे चौदा येणार नसतील तर त्या दगडाशी माझा काही संबंध नाही.’ आणि अर्धा पीच कॉब्लर ताटात टाकून चालता झालास. त्या दिवसापासून तुझा आवाज नाही. पेटवेच्या सलूनात मात्र तू गेल्यापासून दुसरा विषयच नाही. परवा मी डॅडींचे केस कापायला घेऊन गेले, तर हा पेटवे कात्री थांबवून मलाच म्हणतो, ‘व्हर्नेलबाई, पोरानं बापाचं नाव मोठं करायचं म्हटलं तर तुमच्या पोटात का दुखतं? लायब्ररीत बसून बसून तुम्हाला बापसुद्धा तपासून घ्यावासा वाटतो काय?’ सगळे खो खो हसले. डॅडीही हसले, आणि वस्तरा मानेवर असताना हसू नका म्हणून त्यांनाच ओरडा बसला.

पण मला तुझा राग कळतो रे. थडग्यावर दोघांचा मिळून एकच दगड, ममाचं नाव कोरून झालेलं आणि डॅडींची बाजू कोरी. त्यांच्या नावाखाली त्यांनी पिचर म्हणून, बॉल टाकून जिंकलेले सामने हवेत, ही तर ममाचीच इच्छा. ज्या सामन्यांपायी तिने आयुष्यभर रविवारची जेवणं निवत ठेवली, त्यांचा आकडा तिच्या शेजारी राहू दे, म्हणायची. आणि त्या आकड्यावर तुझा जीव का, तेही मी विसरलेले नाही. शाळेत त्या पोराने बेसबॉलचं ते पांढरं जाडजूड पुस्तक आणलं होतं, खेळलेल्या प्रत्येकाचं नाव असलेलं. त्यात तुझा बाप शोधून दाखव, म्हणाला. आपल्या काळ्या लोकांची वेगळी लीग त्यात नव्हतीच, तर डॅडी कुठून सापडणार? तू शर्ट फाडून घेऊन घरी आलास आणि ममाने विचारलं तरी तोंड उघडलं नाहीस.

तर ऐक. गेल्या महिन्यात एका सकाळी मी डॅडींना लायब्ररीत घेऊन गेले. म्हटलं, दगड तुमचा, नाव तुमचं, तुम्हीच ठरवा आकडा कुठून घ्यायचा. एका बाजूला ठेवलं तू पाठवलेलं ते जुन्या सामन्यांचं छापील संकलन, ज्यातून तुझे एकशे चौदा आले. दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरवर ती आकडेवारीची साइट, जिच्यात ते फक्त एकोणीस सामने जिंकलेत. तिसरं ते पांढरं पुस्तकही तिथेच होतं. ते मी स्क्रीनखाली ठेवते, उंचीला बरं पडतं.

मला वाटलं, म्हातारा आधी आपले विजय मोजणार. कसलं काय! चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘नॅशव्हिलचा रविवार काढ.’ कुठला रविवार, मी विचारलं. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं बघ मी हे. पहिल्याच इनिंगमध्ये एकही गडी बाद न करता डॅडींनी सहा धावा दिल्या होत्या. मॅनेजरने येऊन हातातून बॉल काढून घेतला. परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळ्यांनी यांच्याकडे पाठ फिरवली. वाटेत गोऱ्यांच्या खानावळीच्या मागच्या दाराशी जाऊन सगळ्यांसाठी सँडविच आणायचं कामही यांच्याच गळ्यात पडलं. इतक्या वर्षांत ममालाही सांगितलं नव्हतं म्हणे!

तुझ्या संकलनात तो रविवार नाही, थर्मन. मी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. साइटवर मात्र लगेच निघाला: बाद शून्य, धावा सहा, पराभव. डॅडींनी टाळी वाजवली! वाचत बसलेली माणसं वळून बघायला लागली आणि हे स्क्रीनवर बोट आपटत ओरडतायत, ‘हा बघ! हा मीच! सापडलो!’ मग मला म्हणाले, ‘ज्यानं माझी फजिती लिहून ठेवली नाही, त्याची शाबासकी मला नको, पोरी.’

नोकरीभर मी लोकांना सांगत आले की कुठल्याही पुस्तकावर विश्वास टाकण्याआधी, तुम्हाला स्वतःला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट त्यात शोधून बघा. माझंच म्हणणं माझा बाप मला करून दाखवत होता. तेही स्वतःची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट शोधून. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आणि त्या एकशे चौदातले बाकीचे? ते लीगचे नव्हतेच, गावोगावी फिरून हौशी टीमांशी पैशांसाठी खेळलेले; ते डॅडींनी एकेक करून हसत हसत बाजूला काढले. गिरणीत पाळी करून दमून आलेली माणसं, कापूस वेचायचा सोडून आलेली पोरं. एकदा तर लग्नाच्या जेवणावरून उठून आलेला नवरदेव. ‘त्याला मी तीनदा बाद केलं ग. बायको बघत होती त्याची. ते मी पोटासाठी खेळलो, ते माझ्या नावावर नको.’

पण एकोणीससुद्धा पुरे नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे. परगावी जाऊन जिंकलं की निकाल वर्तमानपत्राला कळवायचा यजमानांनी. आणि हरलेले यजमान कशाला कळवतील? म्हणजे डॅडींची हार वाजतगाजत छापून आली आणि कितीतरी विजय कुणाच्या तरी खिशात राहून गेले. साइटने तिथे अंदाजाने आकडा भरलेला नाही. ‘या मोसमाच्या नोंदी अपुऱ्या आहेत,’ एवढंच लिहिलंय. डॅडींनी ते माझ्याकडून परत वाचून घेतलं. म्हणाले, ‘हे मला पटलं. ह्याला माहीत नाही, आणि हा तसं सांगतो.’ घरी जाताना गाडीत एकदम म्हणाले, ‘एकशे चौदा थर्मनने कमावलेत. शाळेत, माझं नाव कुठेच नव्हतं तेव्हा, मुठी आवळून. त्याला म्हणावं, तो आकडा त्याचा आहे, मी कसा दगडावर लावून घेऊ?’ मी गाडी कडेला घेतली, डोळ्यांपुढे रस्ता दिसेना.

गेल्या आठवड्यात दगड बसवला. डॅडींनी सांगितलं तसंच कोरलंय: ‘होसीया टॅगर्ट. डावखुरा पिचर. एकोणीस सामने जिंकला, आणि काही, जे कोणी कळवले नाहीत.’ जन्मतारीख आहे, तिच्यापुढे छोटी रेघ आहे आणि रेघेपुढची जागा कोरी आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले आणि मी चेहरा सरळ ठेवून परत आले, तर डॅडी म्हणाले, ‘किती, पानगळीपर्यंत?’ त्यांच्यापासून काय लपतंय! हल्ली दिवसभर व्हरांड्यात बसतात, मांडीवर तो जुना बॉल. रस्त्यावर गाडी थांबली की मान उचलून बघतात, आणि शेजाऱ्यांची निघाली की बॉल नुसताच हातात फिरवत राहतात. दगड पटला नाही तर मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. पण ये, थर्मन. ती कोरी जागा भरायच्या आधी ये, आणि येताना तुझा बॉल झेलायचा ग्लोव्ह घेऊन ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
व्हर्नेल