खिडकीकडच्या विटा

सोमवार
लेकीकडे कायमचा राहायला आलो. खोली झकास. उजेड आहे, लोखंडी खाट आहे. व्याही गेल्यापासून रिकामीच होती म्हणे. जावयांनी माझी ट्रंक स्वतः वर आणली. माझा बसका आवाज ऐकून नातीनं माझं नाव बेडूकआजोबा ठेवलं. बरं वाटलं.

गुरुवार
डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिका फार दिवसांची सुजलेली आहे, आत जखमा आहेत. पोटातलं आम्ल घरजावयासारखं वर येऊन बसलंय म्हणाले, आणि स्वतःच हसले. मला कसलं हसू येतंय! गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, जेवल्याजेवल्या आडवं व्हायचं नाही, खाट डोक्याकडून उंच करायची. हयगय केली तर जखमांतून रक्त येईल, असं बजावलं. मला खिडकीचा वारा सोसत नाही, म्हणून डोकं दाराकडे करतो. जावयांनी परसातल्या विटा आणून दाराकडच्या पायांखाली लावल्या.

रविवार
विटांचा गुण आला. आज मऊ भात न कण्हता गिळला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंगळवार
दुपारी डोळा लागला. घशात निखारा ठेवल्यासारखं होऊन जागा झालो. विटा खिडकीकडच्या पायांखाली! डोकं खाली, पाय वर. लेकीला वाटतं मीच काहीतरी केलं. अगं, मला पाण्याची बादली उचलवत नाही, खाट काय उचलणार?

बुधवार
जावयांनी विटा परत दाराकडे लावल्या, जरा कुरकुरतच. दुपारी उठलो तर पुन्हा तिकडेच.

शुक्रवार
लेकीला खोदून विचारलं. व्याह्यांनाही हेच दुखणं होतं. याच खाटेवर रक्त ओकून गेले. शेवटी हाक मारायलाही आवाज उरला नव्हता. विटा त्यांच्याच. डोकं कुणीकडे करायचे, विचारलं. खिडकीकडे, म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

शनिवार
थुंकीत रक्त. विटा तिकडेच. खोली बदला म्हणालो — दुसरी आहे कुठे? जावई म्हणतात, बाबांना भास होतात. डॉक्टर सोमवारी.

सोमवार
आवाज गेला. लेक गाडी बघायला गेली आहे. पाठ टेकली की आग वर येते —
हरलो. आता मीच खिडकीकडे डोकं करतो. विटा तिथेच राहतील —
उशीला मधोमध खळगा. उबदार. ओला. आंबट वास —
खाट करकरली. कुणीतरी भिंतीकडे सरकलं. मला जागा करून —
लेकीला हाक मारतो, पण घशातून —