तू मला मागायला लावलेली माफी

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण तू होतीस तेव्हा तरी मला कुठे धरू दिलास?

आठवतं तुला? मी बारा वर्षांची आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर आपल्या बोंबील वाळवायच्या दोऱ्या शेजारच्या काकूच्या हद्दीत आल्या म्हणून तिने कोयत्याने कापल्यात, माल वाळूत पडलाय, आणि तू मान खाली घालून एकेक बोंबील झटकतेयस. मग मीच ओरडले, "काकू, तू चोर हायस!" सगळा किनारा बघत होता. घरी आल्यावर चुलीपाशी तू म्हणालीस, "जा, तिची माफी माग." मी म्हटलं, "चूक तिची हाय." तू कालवण ढवळत राहिलीस. "येशूनं शिष्यांचे पाय धुतले तवा चूक कोणाची ते इचारलं न्हाय." मी गेले. काकूने उंबऱ्यावर बसून माझी माफी ऐकली आणि आत घरच्यांकडे बघून हसत म्हणाली, "बघा, नाक घासत आली."

दुसरा गाल पुढे करायचा तर तुझा करायचास. माझा का दिलास? पुढे शाळेत, नर्सिंगला, सासरी, कोणी अंगावर आलं की माझ्या तोंडून आधी 'सॉरी' निघायचं. लोक म्हणायचे, किती नम्र मुलगी. नम्र कसली, घाबरलेली होते.

आता मी शांती नगरच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. गेल्या महिन्यात काकू आली. मुलाकडे राहते इथे, साखरेच्या आजाराने पायाला जखम झालीय. तोंड तेच. "हलू कर गं, तुझ्या आयचा हात हलका व्हता." एक दिवसाआड येते आणि मला नावं ठेवते. परवा मी पट्टी गुंडाळत असताना आपणहून बोलली, "त्या दिशी तू गेलीस न् तुझी आय आली. बोलली, माझ्या पोरीनं तिच्या शिवीची माफी मागली, आता तू तुझ्या कोयत्याची माग. मी दार लावलं तोंडावर. दुसऱ्या दिशी कालवण घेऊन आली न् परत तेच बोलली. मरेस्तवर बोलत व्हती."

"मग मागितलीस?"

"न्हाय," ती म्हणाली आणि खिडकीकडे बघत बसली.

आई, हे तू मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मला वाटलं, प्रेम म्हणजे गप्प बसणं. तू तर तिला जेवू घालून तिच्या तोंडावर खरं बोलत होतीस, आणि मला फक्त तुझी खाली घातलेली मान दाखवलीस. तिच्या दारापर्यंत मला सोबत नेलं असतंस तर माझं आयुष्य वेगळं गेलं असतं. हे मी रागानेच लिहितेय.

काकूला मी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. जखम भरतेय. पण पहिल्या दिवशी मी तिची चिकटलेली पट्टी ओली न करताच ओढली. मुद्दाम. ती किंचाळली आणि मला बरं वाटलं. त्यानंतर फादरपुढे दोनदा कुमसाराला, आपली पापं कबूल करायला, बसले, दोन्ही वेळा एवढंच गाळलं. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून इथे लिहिलं.