पाळण्यातले एकशे सात ग्रॅम

मानोरा,
गुरुवार

आदरणीय इवाई श्री. उदयसिंगजी यांस,
तुमच्या सुनेचा, रेणूचा बाप इंद्रभान याचा मनापासून रामराम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची खुशाली रेणू रोज फोनवर सांगते, तरी विचारल्याशिवाय पत्र पुढे सरकू नये म्हणून विचारतो. इनबाईंचा गुडघा कसा आहे, आणि तुमचं पित्त? आपली नात (आधी तुमची, मग आमची, हे मला मान्य आहे) झोपू देते का? पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर मी विषय काढला की तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणता आणि सोयाबीनच्या भावावर येता. कागदापुढे तसं करता येत नाही.

विषय तुमच्या क्रेडिट कार्डाचा. टार्गेट पूर्ण करणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना बियाणे कंपनीने बँकॉक दाखवायचं ठरवलं आणि मी निघालो, तेव्हा तुम्ही आपलं कार्ड माझ्या खिशात घातलं. ते न वापरता परत करायचं मी मनाशी ठरवलं होतं. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्या वडिलांची रीत. (चार वर्षं तुमच्या ओट्यावर मी स्वतःची बाटली घेऊन बसलो आणि तुम्ही एकदाही हसला नाहीत, हे लक्षात आहे.) पण तिथल्या एका मोठ्या दुकानात पाळणा दिसला. घडीचा, बॅटरीच्या सेलवर आपोआप हलणारा, वर गाणारा. बारशाचा पाळणा आजोळचाच हवा. माझं कार्ड तिथल्या यंत्रात चालेना, जवळच्या नोटा शहाळ्यांत आणि छत्रीत संपलेल्या. तुमचं कार्ड काढावं लागलं.

यंत्राने विचारलं, पैसे थायलंडच्या बाटमध्ये देता की रुपयांत? बाटमध्ये किंमत ६,४९०. रुपयांत १७,८४७.५०, आणि खाली भावही लिहिलेला, एका बाटला दोन रुपये पंच्याहत्तर पैसे. शेजारी कामरगावचे अन्सारभाई उभे होते, तेही कृषी केंद्रवालेच. ते म्हणाले, "इंद्रभानभाऊ, त्यायच्याच पैशात दाबा. मी मागच्या टूरमंदी रुपये दाबून पस्तावलो."

मी म्हटलं, "अन्सारभाई, बाजार समितीत भाव ठरल्याबिगर तुमी पोतं खाली करता का? इथं भाव लिहून देऊन राह्यले, तं घ्याचा का सोडाचा?"

"घ्या मंग," ते म्हणाले. "तुमाले कोन शिकवीन."

खरंच कोणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर माझी शाळा सुटली. इंग्रजी मी फवारणीच्या डब्यांवरचं बारीक अक्षर वाचत शिकलो, आणि बारीक अक्षर सोडायचं नाही ही सवय तेव्हापासूनची. पावतीवरची शेवटची ओळसुद्धा वाचली. 'मला चलन निवडण्याची मुभा दिली होती, माझी निवड अंतिम आहे.' वाचून, समजून, ऐटीत सही केली आणि दुकानातून पाय बाहेर पडायच्या आधी फोनवरून १७,८४७ रुपये ५० पैसे तुमच्या खात्यावर पाठवले. पन्नास पैसेही ठेवले नाहीत. त्या दिवशी मी फार समाधानी होतो. (परतताना विमानतळावर खोकं तपासणीच्या यंत्रात गेलं आणि आतून पाळणा गायला लागला, तेव्हाही मी अन्सारभाईंना लोकांची माफी मागायला पुढे केलं आणि स्वतः समाधानीच राहिलो.)

सोमवारी रेणू बोलता बोलता बोलून गेली. "बाबा, मामाजीच्या कार्डाचं बिल दोनशे दहा रुपयानं जास्त आलं. मामाजी म्हणत होते बाबाले सांगू नको, मंग थे रविवारी बारशात जेवाचे नाईत."

मग मी बँकेच्या नियमांचं पत्रक मिळवून वाचलं. माझ्या चुका दोन. तो २.७५ चा भाव बँकेचा नव्हताच. दुकानातल्या यंत्रामागे जी कंपनी बसलेली असते तिने आपली दलाली आत धरून तो लावलेला होता. बाट दाबले असते, तर व्यवहार पुढे पोहोचून नोंदला जातो त्या दिवशीचा भाव कार्डाच्या कंपनीने लावला असता. तो २.६२ च्या आसपास होता. त्यावर तुमच्या बँकेचे दोन टक्के, आणि त्या दोन टक्क्यांवर जीएसटी. सगळं धरून साधारण १७,४०५. म्हणजे भाव आधी कळण्याची हौस मला चारशे बेचाळीस रुपयांना पडली. हौस माझी, पैसा माझा, तक्रार नाही. दुसरी चूक मात्र तुमच्या दारात गेली. रुपयांत दिले म्हणजे व्यवहार देशी झाला, असं मी धरून चाललो. बँक म्हणते, दुकान परदेशातलं तर व्यवहार परदेशी, मग मोजा कशातही. त्याबद्दल एक टक्का, वर अठरा टक्के जीएसटी. दोनशे दहा रुपये एकसष्ट पैसे.

पाळणा, खोकं सोडून, दुकानाच्या काट्यावर नऊ किलो दोनशे ग्रॅम भरतो. एकूण पडलेल्या पैशांच्या हिशेबाने त्यातले एकशे सात ग्रॅम तुमचे निघतात. गाण्याची डबी सेलसकट नेमकी तेवढीच भरली. म्हणजे पाळणा आजोळचा आणि अंगाई तुमची, असं झालं. मी ते पैसे दोनदा पाठवले. पहिल्यांदा तुम्ही तेवढेच परत केले, दुसऱ्यांदा वर एकोणचाळीस पैसे घालून दोनशे अकरा परत केले. म्हणजे आता कर्ज दोनशे अकरा.

वाईट पैशाचं वाटत नाही. चार वर्षं थांबून रविवारी पहिल्यांदा तुमच्या घरी जेवायला बसणार होतो. लेकीचा बाप म्हणून ताठ बसायचं होतं. अन्सारभाईंचं ऐकलं असतं, किंवा निदान तो पाळणा अकोल्याला घेतला असता, तर बसलो असतो. आता बारशाला येईन, पाळणा मांडून देईन आणि पंगतीच्या आधी निघेन. मानोऱ्याची बस दोनला आहे.

आपला नम्र,
इंद्रभान

ता. क. हे पत्र एवढ्याचसाठी, की दोनशे अकरा रुपये पुन्हा पाठवतो ते कृपा करून ठेवून घ्यावेत. ठेवलेत तर जेवीन. पोस्टाने पत्र रविवारआधी पोहोचणार नाही, म्हणून गावातल्या लालसिंगच्या जीपने वाशीमला धाडतो.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी रेणूच्या आईने, धनीबाईने, पत्र वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाली, "मी तं चार वर्षांपासून जेवून राह्यली तिथं. तुमी ओट्यावर बाटली घेऊन बसत होते, तवा मी अंदर इनबाईसंगं जेवत होती. कढीगोळे तं थ्यायच्याच हातचे."

मी विचारलं, "मले काहून सांगतलं नाई?"

"तुमी इचारलं कवा? इवाईबी म्हणत, राहू द्या, थ्यायले बसू द्या थ्यायच्या मनानं."

उदयसिंगजी, चार वर्षांच्या जेवणाचा भाव मला कुठल्याच पत्रकात सापडणार नाही. तेव्हा वर लिहिलेलं सगळं राहू द्या (खोडत नाही, पत्र वाईट दिसतं). पैसे पाठवत नाही. रविवारी माझंही ताट वाढा, दोनची बस मी जाऊ देईन. दोनशे अकरा रुपये माझ्या नावावर उधार असू द्या. फेडायला येत जाईन, एकदम घेऊ नका.