जावळाचा फास

१० जुलै १९३८, कामठा
आजपासून रोजनिशी. याआधीच्या पाच धरायच्या नाहीत.

योजना: बेडकाच्या गर्भावर प्रयोग. नागपूरच्या मित्रानं धाडलेल्या मासिकात वाचलं. गर्भ नुसता गोळा असतो तेव्हाच त्याला एक खाच पडते. खाचेच्या वरच्या काठाला ओठ म्हणतात. तो ओठ कापून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडे बसवला की तिथं दुसरी पाठ, दुसरं डोकं तयार होतं! मेलेला ओठसुद्धा काम करतो. म्हणजे त्यातून काहीतरी द्रव्य पाझरतं आणि शेजारच्या पेशींना सांगतं, तू मेंदू हो, तू पाठ हो. द्रव्य कोणतं, ते विलायतेत अजून सापडलेलं नाही. कामठ्यात सापडेल. धानाच्या बांधीत, साचलेल्या पाण्यात, बेडकांची अंडी भरपूर. मुदत दोन महिने.

१२ जुलै
सुशीलाला समजावलं. विरजणाचा दाखला दिला, तो पटला. मग ओठ कापायचा, पोटावर लावायचा, दोन डोकी येतात, हेही सांगितलं. तिला सातवा महिना आहे हे बोलून झाल्यावर आठवलं. म्हणाली, गर्भारशीचा नवरा नारळ बी फोडत नाही आन् तुमी ओठ कापून राहिले?

अंधश्रद्धा! बी.एस्सी. माणसानं असलं मनावर घेऊ नये. (एक पेपर राहिला. परीक्षकाचा दोष.) संध्याकाळी मारुतीचा नारळ शाळेच्या शिपायाकडून, उदारामकडून, फोडून घेतला. माझं मनगट दुखत होतं.

१९ जुलै
ब्लेडनं सात गर्भ चिरडले. मासिक पुन्हा वाचलं. ब्लेड नाही, तान्ह्या मुलाच्या केसाचा फास लागतो. सुशीलाचा केस फार जाड. माझ्या केसांचा विषय नको.

समोरच्या देवकाबाईंच्या नातवाचं परवा जावळ आहे. शकुनावर विश्वास नाही, पण हा शकुनच.

२१ जुलै
देवकाबाई गावची सुईण. सुशीलाचं बाळंतपणही त्याच करणार. जपून बोललो. चार केस मागितले. म्हणाल्या, मास्तर, लेकराचे केस तुमाले कायले पाहिजेत? शास्त्रासाठी, म्हणालो. त्यांनी विचारलं, कोन्तं शास्त्र, मंतराचं? आणि नाही म्हणाल्या.

जावळ नदीत सोडायला द्रोणात ठेवलं होतं. पंगत बसल्यावर एक चिमूट उचलली. चोरी म्हणता येणार नाही. नदीला त्याचा काय उपयोग?

२ ऑगस्ट
टाकाच्या दांडीला लाखेनं फास चिकटवला. सुंदर! एकेचाळीस गर्भ कापले. अडतिसांना बुरशी. तीन जिवंत. त्यातल्या एकाच्या पोटावर फुगवटा. दुसरं डोकं!!! नागपूरला प्रोफेसरसाहेबांना पत्र लिहिलं.

३ ऑगस्ट
बुडबुडा होता. टाचणी लावली तर फुटला. गर्भही फुटला. उरलेले दोन रात्रीच मेले. बरं झालं, पत्र टाकलं नव्हतं.

टाकलं होतं.

१ सप्टेंबर
देवकाबाईंची सून रुक्मा विरजण मागायला आली आणि टेबलावरची दांडी पाहिली. पोराचे पिंगट केस ओळखले आणि जी ओरडली! शेजारी समजलं की मास्तरनं केस चोरले. तळ्यावर समजलं की मास्तर करणी करतो. बाजारात पोचेपर्यंत मी चौकात बाहुली पुरली होती. गर्भातला निरोप लांब जाईल तसा फिका होत असावा. कामठ्यात उलटं. निरीक्षण नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

देवकाबाईंनी सांगून पाठवलं, त्या घरात पाय ठेवणार नाही. सुशीला काही बोलली नाही. संध्याकाळीही नाही.

मला लाज वाटते. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

८ सप्टेंबर
ठराव: गोंदियाहून नर्स आणायची. माफीचा प्रश्नच नाही. शिकलेल्या माणसानं अडाणी समजुतीपुढं वाकायचं नसतं. सुशीला अजून बोलत नाही. ताट सरकवते फक्त.

१२ सप्टेंबर
नर्ससाठी गाडी उद्या नक्की सांगायची.

१५ सप्टेंबर, सकाळी ७
कळा सुरू. गाडी सांगितलेली नाही.

दुपारी ४
सकाळीच धावत समोर गेलो. देवकाबाई अंगणात धान पाखडत होत्या. मान वर केली नाही. मी दांडी त्यांच्यासमोर ठेवली. चोरले, म्हणालो. माझी चूक झाली, पाया पडतो, पण चला. गल्लीतली माणसं पाहत होती. शाळेतली पोरंही. पाया खरंच पडलो.

त्यांनी विचारलं, या केसानं काय बनवलं? दोन डोक्यांचा बेडूक बनवणार होतो, म्हणालो. बनला का? नाही, एकेचाळीस मेले. त्यांनी सुपातला कोंडा फुंकला. मग म्हणाल्या, करणीवाल्याले एवढं तं जमलं असतं बाप्पा. सूप खाली ठेवलं आणि निघाल्या.

मी पडवीत बसलो. अंधश्रद्धा, अंधश्रद्धा, असं मनात म्हणत होतो. आणि कापलेले सगळे ओठ डोळ्यांपुढं येत होते. नारळ उदारामनं फोडला होता, तो माझ्याच नावावर धरला जाईल का, हाही विचार केला.

सव्वातीनला रडणं ऐकू आलं. देवकाबाई दारात आल्या, पोरगी झाली म्हणाल्या. बाळंतीण कशी आहे हे विचारायला हवं होतं. मी विचारलं, डोकं एकच आहे ना?

मोठ्यानं विचारलं. आत ऐकू गेलं.

एकच हाये मास्तर, देवकाबाई म्हणाल्या. तुमच्यापरस एक जास्त.

आत सुशीला हसली. पंधरा दिवसांनी तिचा आवाज ऐकला. मी अजून आत गेलेलो नाही.