बांधापलीकडचं स्टेशन

मखमलाबाद, नाशिक
पाडव्यानंतरचा शुक्रवार, सन २००२

ती. धोंडाअक्कास,

बहिरूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींनाही माझा रामराम सांग. नामपूरला यंदा ऊन फार आहे आणि कांद्याने मार्केट तुंबलंय, असं तुमच्याकडून आलेला ट्रकवाला सांगत होता. तुझे गुडघे कसे आहेत? मालनने पाठवलेलं तेल लावतेस की बाटली देव्हाऱ्यात ठेवून तिलाच नमस्कार करतेस? इकडे मालन, लेक योगिनी आणि म्हैस खुशाल आहेत. मोगरा जरा उशिरा लागला, पण लागला. माझं म्हणशील तर वरून ठीक आहे, आतलं काही सांगता येत नाही, कारण येत्या अक्षयतृतीयेला मला सगळ्या गावासमोर आभाळातून एक चक्कर मारून यायचं आहे. हे वाचून लगेच रडायला बसू नकोस, सगळं सविस्तर लिहितो.

आपल्या बांधापलीकडचा द्राक्षाचा मळा विकला गेला, ते तुला ठाऊक आहेच. तिथे आता मुलामाणसांच्या करमणुकीचं मोठं गार्डन होतंय. त्यांनी आधी खड्डे घेतले. मला वाटलं विहिरी पाडतायत, म्हणून मी आपण होऊन सांगायला गेलो की बाबांनो, या पट्ट्यात पाणी नाही, आमच्या वडिलांनी हात पोळून घेतलेत. ते हसले आणि खड्ड्यांत सिमेंट ओतून मोकळे झाले. (पाणी लागलंच नाही, म्हणजे बोललो ते खरंच होतं, पण याची दखल कोण घेतो.) मग अंबडच्या कारखान्यातून ट्रकवर लोखंडी पाइप यायला लागले, निळ्या रंगाचे, एवढे जाड की आत शेळी शिरेल. त्यातला एकही तुकडा सरळ नाही गं. एक डावीकडे वळलेला, एक पीळ घातलेला. मला वाटलं, वाटेत ट्रक उलटला आणि सगळा माल वाकला, आता या ड्रायव्हरची नोकरी जाणार. म्हणून मी त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि पुष्कळ धीर दिला. तोही बिचारा मुकाट्याने ऐकून घेत होता. निघताना म्हणाला, काका, हे असंच वाकवायला सहा महिने लागलेत.

ते वाकडे तुकडे क्रेनने उचलून एकाला एक जोडले, तेव्हा मात्र मी बांधावरच बसकण मारली. खाली पडलेलं भंगार वाटत होतं ते वर गेल्यावर एका ओळीत वाहायला लागलं. अक्का, माणसांनी डोंगर बांधलाय. चढ आहे, उतार आहे, मध्ये एक पुरी गिरकी आहे, आणि त्यावरून म्हणे गाडी जाणार, माणसांनी भरलेली. योगिनी सांगते, याला रोलर कोस्टर म्हणतात. गावात सगळे त्याला मोठा पाळणाच म्हणतात. मी मात्र गाडी म्हणतो, कारण तिला स्टेशन आहे. मी रोज तिकडे उभा राहायला लागलो, त्यापायी गुलाब उशिरा तोडले जायला लागले आणि मालन म्हणाली, तिकडेच हजेरी लावा, निदान पगार तरी मिळेल.

आता स्टेशनाचं सांगतो, कारण सगळं घडलं ते तिथेच. ते बांधणाऱ्या बाई आहेत, मंजुषा मॅडम. वयाने आपल्या योगिनीपेक्षा थोड्या मोठ्या, डोक्यावर पिवळं टोपडं, पण गवंड्यांना अशा बोलतात की तू सुनांना बोलतेस त्याची आठवण व्हावी (हे सुनांना वाचून दाखवू नकोस). मी विचारलं, स्टेशन कशाला हवं, गाडी तर फिरून इथेच येणार. तर त्यांनी काडीने मातीत रेघा मारून मला सगळं समजावलं. एका बाजूने माणसं चढणार, दुसऱ्या बाजूने उतरणार. रांग सावलीतून वळत वळत येणार. गाडीत बसेपर्यंत डोंगराचा उतार कोणाला दिसू नये म्हणून मध्ये भिंत घातलीय, समोर फक्त आभाळाचा तुकडा मोकळा ठेवलाय. आणि उतरलेल्यांची तोंडं चढणाऱ्यांना दिसणार नाहीत, नाहीतर निम्मी रांग घरी जाईल. मी थक्क झालो. म्हटलं, मॅडम, ही तर त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाची बारी झाली. त्या म्हणाल्या, काका, मी तिथे दोनदा नुसती रांग बघायला जाऊन आलेय. देवाला गेलेल्या माणसाने देव सोडून रांग बघितली, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, पण त्या बाईंना सगळं माफ आहे.

पाडव्याला स्टेशनाची पूजा होती. गाडी अजून चालायची होती, पण स्टेशन तयार झालं होतं, म्हणून आजूबाजूच्या मळेवाल्यांना बोलावणं होतं. झेंडूची तोरणं आपलीच. मी तोरणं घेऊन सगळ्यांच्या पुढे. पायऱ्या चढलो, आत बघितलं, तर फरशी आरशासारखी, मध्ये नारळ-कलश, समोर ते मोकळं आभाळ. मला तो गाभाराच वाटला. पाय आपोआप थांबले आणि मी चपला काढल्या. मी काढल्या म्हणून मागच्या केरूभाऊने काढल्या, त्याने काढल्या म्हणून विठाबाईने, आणि बघता बघता सगळ्या मखमलाबादने पहिल्या पायरीशी चपला काढल्या. पूजा झाली, आरती झाली, प्रसाद झाला, आणि मॅडमच्या माणसांनी कौतुकाने सगळ्यांना ज्या रस्त्याने जायचं त्या रस्त्याने, म्हणजे पलीकडून, बाहेर काढलं. चपला राहिल्या अलीकडे. मध्ये रूळ, भिंत आणि तो सगळा बुद्धीने बांधलेला आडोसा. ऊन चैत्राचं, आणि उतरायच्या बाजूचा जिना लोखंडी पत्र्याचा. अक्का, सगळा गाव त्या जिन्यावर नाचत होता. विठाबाई तर प्रसादाचा द्रोण पायाखाली घेऊन एका पायावर उभी राहिली.

नेमक्या त्याच वेळी गार्डनचे मालक माइकवर विचारत होते की अक्षयतृतीयेला गाडी सुरू होईल, पहिल्या डब्यात बसायचा मान कोण घेणार? कोणाचाच हात वर होईना. माझा तोल गेला, तो सावरायला मी हात वर केला. तेवढ्यात टाळ्या. मालकांनी माझं नाव विचारलं, माझ्या गळ्यात माझ्याच झेंडूचा हार घातला, आणि मी उन्हात उघड्या पायांनी उड्या मारत होतो ते बघून म्हणाले, काकांचा उत्साह बघा. आता तूच सांग, तिथे मी काय खुलासा करणार होतो? मॅडमनी दुसऱ्या दिवशी गवंडी लावून दोन्ही बाजूंनी उघडणारं चपलांचं कपाट भिंतीत बसवलं, अलीकडून ठेवायच्या, पलीकडून घ्यायच्या. म्हणाल्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आपली माणसं चपला काढणारच. स्टेशनाचं तेवढं बरं झालं, माझं काय. न्हावी दाढी करताना चौकशी करतो, केरूभाऊ रोज विचारतो की विमा उतरवलास का. आता माघार घेतली तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाही, आणि बसलो तर वर गेल्यावर काय होईल या विचाराने जेवण जात नाही.

काल त्यांनी गाडी पहिल्यांदा सोडली, माणसांच्या जागी रेतीची पोती बांधून. ती हळूहळू चढली, अगदी टोकावर जाऊन क्षणभर थांबल्यासारखी झाली, आणि मग सुटली. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गिरकीत पोती उलटी झाली आणि एकही सुटलं नाही. गाडी परत स्टेशनात येऊन अलगद उभी राहिली, पाहुणी उंबऱ्याशी थांबते तशी. मॅडम डोळे पुसत होत्या. मलाही रडू आलं, लपवत नाही. माणसाच्या डोक्यातून हे निघालं आणि ते आपल्या बांधाला लागून उभं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. फक्त त्या पोत्यांच्या जागी मी असणार, एवढा एकच विचार मध्ये येतो.

बाकी सर्व ठीक. दाजींना तंबाखू कमी करायला सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
बहिरू

ता. क. आता मुद्द्याचं. तू आदल्या दिवशी ये. माझं नाव पुकारलं की गर्दीतून पुढे हो आणि मोठ्याने सांग, माझा एकुलता एक भाऊ आहे, मी त्याला बसू देणार नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, मी तुझा शब्द मोडत नाही हे गावाला माहीत आहे, म्हणजे मला कोणी नावं ठेवणार नाही. मी दोनदा हट्ट करीन, तो मनावर घेऊ नकोस.

ता. क. २. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात मालनने पत्र वाचलं. पदर खोचून बांध ओलांडून गेली आणि मॅडमना सांगून आली की हे नाही बसले तर मी बसते. जत्रेतल्या पाळण्याला हात न लावलेली बाई. तेव्हा मला अडवू नकोस, तिला अडव. ती तुझं ऐकते असा तुझा समज आहे, तो आता तपासून बघता येईल.

ता. क. ३. कोणालाच अडवू नकोस. मालन म्हणाली, डब्यात दोन जागा शेजारी शेजारी आहेत, आणि लग्न झाल्यापासून आपण एका बाकावर कधी बसलोय? आठवून बघितलं. मार्केटच्या टेम्पोत मी ड्रायव्हरपाशी, ती मागे पाट्यांवर. लग्नकार्यात ती बायकांत. एकदाही नाही गं. मी म्हटलं, बसू. तेव्हा तू फक्त ये आणि उतरायच्या बाजूला उभी राहा. वरून किंचाळल्याचा आवाज आला तर सगळ्यांना सांग की ती मालन होती.