पाचवं बटण

बाबा, आज आपल्या समाजमंदिरात मी मतदानाचं सरावाचं मशीन मांडून बसले होते. अंगणवाडीच्या खिचडीबरोबर मतदार यादीचं कामही हल्ली माझ्याच गळ्यात आहे. कोणाचं नाव यादीत राहिलं, कोण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, सगळं मलाच विचारतात. तू असतास तर चिडवलं असतंस, "झायली माजी पोर सरकारी बाई!" मी बायकांना सांगत होते की मत कोणाला दिलं ते नवऱ्याला कळत नाही, गावकीलाही नाही, आणि कोणी विचारलं तरी सांगायची सक्ती नाही. तेवढ्यात वरच्या आळीतल्या एका आंधळ्या आजीला तिचा मुलगा घेऊन आला. मी तिचं बोट धरून बटणांवरून फिरवलं. शेजारचे ब्रेलचे उठावाचे ठिपके वाचता आले नाहीत तरी वरून मोजत जाता येतं, आणि सोबत माणूस हवा असेल तर तो कोण हे तिनंच ठरवायचं, असं सांगितलं. तिनं विचारलं, "आन बरोबरच्यानं दुसराच दाबला त?" मुलगा हसला. मी म्हटलं, त्याला आधी कागदावर सही करावी लागते. "सही त करंल. पन मना कसा कलनार?" मी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

तुझे डोळे मिठागरानं खाल्ले, असं तू म्हणायचास. डॉक्टर काचबिंदू म्हणाले, तू त्यांचं कधी ऐकलं नाहीस. त्या निवडणुकीला मी एकोणीस वर्षांची, माझं पहिलंच मत. देवळात गावकी बसली आणि ठरलं की अख्ख्या गावानं तिसऱ्या नंबरवाल्याला द्यायचं, तो खाडीचा बांध दुरुस्त करून देणार आहे. तू सगळ्यांसारखी मान हलवलीस. घरी आलो तर आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापतेय. तू मला मागच्या दारी बोलावतोस आणि कानाशी येऊन सांगतोस, "बांधाचा सांगून दोनदा फसवलान त्यानी. आपल्या शेतान खारा पानी हाय अजून. तू माजा पाचव्याला दाब. आयशीला बोलू नको." मी घाबरले. आदल्या वर्षी गावकीनं एका घराला वाळीत टाकलं होतं, तेव्हा त्यांच्या म्हातारीला खांदा द्यायला परगावची माणसं आली होती. आणि आपल्या ताईचं लग्न महिन्यावर आलेलं.

मतदानाला तू इस्त्रीचा सदरा घातलास, दाढी करून घेतलीस. आधी माझं मत झालं, मग तुझा हात माझ्या खांद्यावर. तुझं मत कोणाला सांगणार नाही म्हणून मी कागदावर सही केली. समोर एजंट म्हणून गावकीचाच माणूस, तुला "या काका" म्हणाला. पुठ्ठ्याच्या आड तू एवढा ताठ उभा राहिलास, जणू फोटो काढतायत. आवाज झाला. "झाला?" तू हळूच विचारलंस. मी म्हटलं, झालं.

निकाल लागला. आपल्या केंद्रावरून पाचव्याला एकच मत निघालं. एकच! गावकीत नुसता कल्ला. हा फुटीर कोण म्हणून घरोघर विचारणा झाली, आपल्या दारात मात्र कोणी आलं नाही. तू उपरण्यात तोंड खुपसून हसलास. "आंधल्याव कोनाचा संशय यतंय?" मग कासारीण आली तेव्हा तिला थांबवून माझ्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरायला लावल्यास. आईला वाटलं, लग्नघर आहे म्हणून. तू माझा हात चाचपून मला एकटीला म्हणालास, "जल्मात पयल्यांदा माजा मत माजा व्हता." इतकं खुश मी तुला ताईच्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही. दोन वर्षांनी तू गेलास. शेवटच्या आजारपणातही ती गोष्ट काढून गालात हसायचास, आणि मला तुझी फार माया यायची.

उद्या त्या आजीकडे परत जाणार आहे. ती स्वतः मोजून दाबेपर्यंत शिकवीन, मुलगा कितीही हसू दे. तुलाही तेव्हा कोणी शिकवलं असतं तर तू मला सोबत नेलंच नसतंस. हे पत्र वहीतच राहील, तुला कोण वाचून दाखवणार?

त्या दिवशी माझं मत मी पाचव्यालाच दिलं होतं. तू सांगितलंस म्हणून नाही, मलाही तोच बरा वाटत होता. मग तुला घेऊन पुन्हा आत गेले आणि मनात आलं, एक मत पडलं तर चुकून पडलं म्हणतील, दोन पडली तर शोधून काढतील. मी तुझं तिसऱ्याला दाबलं. ते एक मत माझं होतं, बाबा.