गुलाबभाऊचा कोट

३ मार्च
आज अग्निशमन केंद्रात रुजू झालो. बारावीत नापास झालेल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. कोंढ्याहून निघताना आईनं पालथा हात माझ्या कपाळाला लावून पाहिला. लहानपणी टायफॉइड झाला तेव्हापासूनची तिची सवय: निघताना एकदा, परतल्यावर एकदा. मला गंमत वाटली, कारण प्रशिक्षणातही हेच शिकवलं. बंद दार उघडण्याआधी पालथा हात लावायचा. गरम लागलं तर उघडायचं नाही, आग आत आहे.

केंद्र म्हणजे पत्र्याचं शेड, लाल गाडी आणि भिंतीवर कोटांच्या खुंट्या. चालक भोजराजभाऊ इथले सर्वांत जुने. त्यांनी चहा पाजला, पाइप गुंडाळायला शिकवलं आणि एक कोट दिला. आधी तो गुलाबभाऊंचा होता. ते दिवाळीत खोकून खोकून वारले. कोट इतका काळा, की मूळ रंग फक्त शिवणीत दिसतो. धुऊन घेतो म्हटलं, तर इथला दुसरा जवान अमर हसला. इथं कोट धूत नाहीत. जितका काळा तितका माणूस आगीत उतरलेला. धुतलेल्या कोटवाल्याला हे लोक नवरदेव म्हणतात.

काजळीत विष असतं, ते कातडीतून आत जातं, असंही आम्हाला शिकवलं होतं. तरी कोट अंगात घातला. पहिलाच दिवस.

९ मार्च
सिहोऱ्याजवळ तणशीचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, ढीग पेटले. तणस वरून विझते, पोटात धुमसत राहते. उकरून पाणी मारावं लागतं. मास्क एकच आहे, भोजराजभाऊंच्या सीटखाली. तो कुणी काढत नाही. उकरताना मला आच लागली नाही. कोट चांगला आहे असं वाटलं. परतल्यावर काळं थुंकलो. भोजराजभाऊंनी गुळाचा खडा दिला, म्हणाले यानं छाती साफ होते.

१७ मार्च
कोट धुतला. बोअरिंगखाली धरला, पाणी काळं ते काळंच वाहत राहिलं. वाळत घालताना अमरनं पाहिलं.

“नवरदेव आला बे. वरात कुठी हाय?”

सगळे हसले. भोजराजभाऊ हसले नाहीत.

“धुऊ नोको, बाबू. गुलाब हाय त्यात. तो आग ओळखते, तुले जळू देत नाई.”

वाळल्यावर कोट पुन्हा काळा होता. आता शिवणीतही. यापुढे धुणार नाही. ते हसणं मला सहन होत नाही.

२ एप्रिल
बपेऱ्याकडे मोहाच्या झाडांखालचा पाला पेटून आग जंगलात गेली. जळता ओंडका मी उचलून बाजूला ठेवला. हातमोजे नव्हते, हे अमरनं सांगितल्यावर कळलं. तळहात पांढरा पडला. दुखायला हवं होतं.

केंद्रात कोट टांगला आणि मी तोंड धुवायला गेलो. मागे खुंटीकडून कुणी खोकलं. तिथं कुणी नव्हतं. भोजराजभाऊ उठले आणि कोटाखाली गुळाचा खडा ठेवून आले.

१४ एप्रिल
जयंतीला घरी जायचं होतं, सुटी मिळाली नाही. चहा गरम की थंड ते कळत नाही. गूळ गोड लागत नाही. अमर चिडवतो, त्याचंही आता काही वाटत नाही. दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी थर्मामीटर झटकला, पुन्हा लावला, मग बिघडला म्हणाले. दुसराही बिघडला.

आईचा फोन आला. मला खोकला आला तशी तिनं बोलणं तोडलं. मग म्हणाली,

“हा तुया खोकला नाई, प्रफुल्ल.”

२ मे
कोट निघत नाही. बटणं आहेत, बोटांना लागत नाहीत — भोजराजभाऊंना दाखवलं. गुलाबचंही असंच झालं होतं म्हणाले. तो शेवटी घरी गेला नाही, इथंच राहिला. घरी माणसं असतात, म्हणून. तूही जाऊ नको, म्हणाले.

पण आई वाट पाहते —

३ मे, दुपार
घरी आलो. आईनं दारातच कपाळाला हात लावला. ओरडली नाही. हात पाण्याच्या बादलीत बुडवून बसली. कातडी सुटली होती. म्हणाली काही नाही, आराम कर. तिला आत पाठवलं. दार ओढून घेतलं. मी बाहेर, दाराला पाठ टेकून — तिच्यापासून लांब असावं म्हणून.

अंगठ्याखाली कागद तपकिरी होतो आहे.

दाराखालून धूर येतो. माझ्या पाठीमागचं लाकूड काळं —

आई खोकते आहे. घराला दुसरं दार नाही.

पालथा हात लावला. काही कळत नाही. दुसरा लावला. गरम असेल तर उघडायचं नाही. गरम आहे की